कॅमेऱ्याने राखलेले खडक

समुद्रपक्ष्यांच्या विणीची छायाचित्रे आज आपण पुस्तकांत सहज पाहतो. सव्वाशे वर्षांपूर्वी मात्र असे एक छायाचित्र मिळवणे हे जिवावरचे काम होते. अशाच काही छायाचित्रांमुळे पक्ष्यांच्या एका मोठ्या वसाहतीला संरक्षण मिळाले. ती हकिकत आम्ही येथे सांगणार आहोत.

१८७१ पूर्वीच्या पद्धतीत काचेवर रसायनाचा लेप द्यायचा, तो ओला असतानाच चित्र घ्यायचे आणि लगेच काच धुवायची, असा खटाटोप असे. त्या वर्षी रिचर्ड मॅडॉक्स या इंग्रज डॉक्टरांनी जिलेटिनच्या लेपाची कोरडी काच सुचवली. पुढे अशा काचा तयार मिळू लागल्या आणि कॅमेरा रानावनात नेता येऊ लागला. इंग्लंडमधील रिचर्ड आणि चेरी कीर्टन हे भाऊ १८९६ मध्ये स्कॉटलंडच्या पश्चिमेकडील सेंट किल्डा बेटावर गेले, ते याच काचांच्या भरवशावर.

आता अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर येऊ. ऑरेगन राज्यात किनाऱ्यापासून थोड्या अंतरावर ‘थ्री आर्च रॉक्स’ हे खडक समुद्रातून सरळ वर आले आहेत. विल्यम फिन्ली आणि हर्मन बोलमन हे दोन तरुण मित्र १९०१ मध्ये आणि पुन्हा १९०३ मध्ये तेथे गेले. खवळलेल्या समुद्रात होडीतून खडकावर उतरायचे आणि जड कॅमेरे व काचा वर चढवायच्या, असे ते काम होते. दुरून चित्र घेणारी सोयीची भिंगे नव्हती, म्हणून पक्ष्यांच्या अगदी जवळ जावे लागे.

तेथे त्यांना आणखी एक दृश्य दिसले. सुट्टीच्या दिवशी बोटीतून लोक येत आणि केवळ मौज म्हणून पक्ष्यांवर गोळ्या झाडत. गोळीने पडलेले पक्षी मोजता येतील. पण खरे नुकसान तेवढेच होते का?

याचे उत्तर गिलमॉट या पक्ष्याच्या विणीत आहे. तो घरटे बांधत नाही. मादी उघड्या खडकावर एकच अंडे घालते आणि नर-मादी ते आळीपाळीने सुमारे महिनाभर उबवतात. अंडे एका टोकाला निमुळते असते. त्यामुळे ते घरंगळताना गोल वळते, असे पूर्वी सांगत. या आकारामुळे ते उतारावर स्थिर राहते, असे अलीकडच्या अभ्यासात दिसले आहे. परंतु शेकडो पक्षी घाबरून एकदम उडाले, तर त्यांच्या धक्क्याने अंडी कड्यावरून खाली पडतात आणि उरलेली कुरव पक्षी पळवतात. म्हणजे नेम चुकलेली गोळीसुद्धा पिढी बुडवू शकते.

फिन्लींनी लेख लिहिले, व्याख्याने दिली आणि छायाचित्रे राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांना दाखवली. १४ ऑक्टोबर १९०७ रोजी हे खडक पक्ष्यांसाठी राखीव झाले. लेखी तक्रार ‘अतिशयोक्ती’ म्हणून बाजूला सारता येते. ज्यांनी ते खडक कधी पाहिले नव्हते, त्यांच्यापुढे छायाचित्रांनी ती वसाहतच आणून ठेवली.

येथे एक अडचणीचा प्रश्न उरतो. गोळीने पक्षी उडतात, तसेच ते जवळ आलेल्या छायाचित्रकारामुळेही उडतात. पक्ष्याच्या दृष्टीने हेतूचा फरक पडत नाही. म्हणूनच आज या खडकांवर कोणालाही उतरता येत नाही आणि विणीच्या काळात बोटींनाही ५०० फूट दूर राहावे लागते.

आपल्याकडे वेंगुर्ल्याजवळच्या समुद्रातील खडकांवर सुरय पक्षी वीण करतात. मुलांना किनाऱ्यावर नेताना दुर्बीण जरूर बरोबर घ्यावी. परंतु अंड्यांजवळ जाऊन चित्र घेण्याचा मोह का टाळायचा, हे वर्गातच समजावून द्यावे. फिन्ली आणि बोलमन यांना आज त्या खडकावर पाय ठेवता आला नसता, हे सांगितले तर मुलांना ते पटेल, असे आम्हांला वाटते.