सातकर्णी (पहिला)

सातवाहन घराण्यातील एक पराक्रमी राजा. काळ सर्वसाधारणपणे इसवी सनपूर्व पहिले शतक. मात्र याविषयी मतभेद आहेत. पुराणे आणि शिलालेख या दोन्ही साधनांतून त्याची माहिती मिळते.

पुराणांनी या घराण्यास ‘आंध्र’ म्हटले आहे. ‘सातवाहन’ हे नाव शिलालेखांतून व नाण्यांवरून ज्ञात होते. मत्स्यपुराणाच्या वंशावळीत श्रीसातकर्णी कृष्णानंतर येतो व त्याची कारकीर्द १० वर्षांची सांगितली आहे. पुढे आणखी एक सातकर्णी येतो, त्याची वर्षे ५६. राजाच्या कर्तृत्वाविषयी ही यादी मौन पाळते.

ही उणीव जुन्नरजवळील नाणेघाटातील लेख भरून काढतो. कोकणातून घाटमाथ्यावर येणाऱ्या या व्यापारी मार्गावरील लेण्यात राजघराण्यातील व्यक्तींच्या प्रतिमा कोरल्या होत्या. त्या नष्ट झाल्या. परंतु सिमुक सातवाहन, राणी नागनिका, सातकर्णी ही नावे उरली. भिंतीवरील ब्राह्मी लिपीतील दीर्घ प्राकृत लेखात दोन अश्वमेध, राजसूय आदी यज्ञांची व त्यांत दिलेल्या गाई, हत्ती, घोडे, गावे व नाणी यांची नोंद आहे. दानांचे आकडे अंकांत असल्याने भारतीय अंकलेखनाच्या इतिहासातही या लेखास मोठे महत्त्व आहे. पतीनिधनानंतर व्रतस्थ राहिलेल्या नागनिकेचा हा लेख असल्याचे बहुतेक अभ्यासक मानतात.

दुसरी साक्ष प्रतिस्पर्ध्याची आहे. ओडिशातील हाथीगुंफा लेखात कलिंगराज खारवेल म्हणतो, की सातकर्णीची पर्वा न करता आपण पश्चिमेकडे सैन्य धाडले व ते कण्हबेणा नदीपर्यंत पोहोचले. ही नदी म्हणजे कृष्णा असे काहींचे मत आहे, तर काही विद्वान ती विदर्भातील कन्हान-वैनगंगा मानतात. खारवेलाच्या लेखातील सातकर्णी हाच, की पुढचा, हाही वाद मिटलेला नाही. सांची येथील दक्षिण तोरणावर ‘राजा सिरी सातकर्णी’च्या कारागीरप्रमुखाचे, आनंदाचे, दान कोरलेले आहे, तो सातकर्णी कोणता, याविषयीही एकमत नाही.

एकच नाव अनेक राजांनी धारण केल्याने हा गुंता झाला आहे. पुराणांनी नावांचा क्रम राखला. राजाचे कर्तृत्व मात्र राणीच्या व शत्रूच्या लेखांमुळे टिकले. नाणेघाटातील झिजत चाललेली अक्षरे म्हणूनच जपावयास हवीत.