ट्रंकेच्या तळाचा कागद

आमच्या मालवणच्या घरात आजोबांची पत्र्याची ट्रंक होती आणि तिच्या तळाशी नाटकाच्या जाहिरातीचा एक कागद. अर्धा वाळवीने खाल्लेला. उरलेल्यात ‘नाट्यमन्वंतर’ आणि ‘रिपन थिएटर’ एवढंच धड वाचता येई. बाकीचं मोठ्या आत्याच्या तोंडून ऐकलेलं.

आजोबा गिरगावात छापखान्यात खिळे जुळवायचे. 1 जुलै 1933 ला ‘नाट्यमन्वंतर’ या नाटकसंस्थेच्या ‘आंधळ्यांची शाळा’ या नाटकाचा पहिला प्रयोग रिपन थिएटरात झाला, तो त्यांनी पाहिला. पावसाळ्यात आगबोट बंद, म्हणून कागद गावी पोचला तो दिवाळीत. पडवीत माणसं जमली. “तीन तासांत नाटक सोपला!” आजोबांनी सांगितलं, तर कुणाला खरंच वाटेना. जत्रेतला दशावतार पहाटेपर्यंत चालणारा; त्याला ना लिहिलेली संहिता, ना छापील कागद. मग आजोबांनी आवाज उतरवला: “आणि बायल खरीच बायल होती.”

ती बायल म्हणजे ज्योत्स्ना भोळे. मूळच्या गोव्यातल्या बांदिवड्याच्या, म्हणून आजोबांना कौतुक अंमळ जास्तच. गाणी मोजकी, केशवराव भोळ्यांच्या चालींची. दिग्दर्शन पार्श्वनाथ आळतेकरांचं. पडवीला या नावांचं काय! पडवी अडली ती गोष्टीपाशी. नॉर्वेच्या ब्यर्नसनच्या 1883 मधल्या नाटकावरून श्री. वि. वर्तकांनी ते लिहिलेलं. होणाऱ्या बायकोकडून पुरुष जी शुद्धता मागतो, ती तिने त्याच्याकडे मागितली तर?

आजी दाराआड उभी राहून ऐकत होती. त्या रात्री ती काहीच बोलली नाही. सकाळी चुलीपाशी तिने विचारलं, “त्या चेडवान मगे काय केल्यान?” मराठी रंगभूमीच्या इतिहासांत मी या नाटकाबद्दल जे वाचलं, त्या सगळ्यापेक्षा हा प्रश्न मला मोलाचा वाटतो. आजोबांनी काय उत्तर दिलं, ते आत्याला आठवत नाही. तिला आठवतो तो आपल्या आईचा हातातली फुंकणी तशीच धरून थांबलेला चेहरा.

कागद इतकी वर्षं टिकला तो नाटकामुळे नव्हे. त्याची पाठ कोरी होती, आणि तिथे आजोबांनी पेन्सिलीने घरावरच्या कौलांचा हिशेब मांडला होता. देणं फिटेपर्यंत तो फेकायचा नव्हता. फिटल्यावर आजीने तो पुन्हा ट्रंकेत ठेवला, हिशेबाची बाजू खाली करून.