लेन्समधली बुरशी आणि न्यू गिनीचं युद्ध

पावसाळा संपल्यावर कपाटातला जुना कॅमेरा काढावा आणि लेन्समध्ये कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसावेत, हा अनुभव मुंबई-कोकणातल्या बऱ्याच मंडळींना असेल. ही बुरशी. लोणच्यावर येते ते समजू शकतो, पण काचेवर हिला खायला काय मिळतं? हा प्रश्न एकदा थेट युद्धात उभा राहिला होता.

१९४२ साली न्यू गिनीत कोकोडाच्या वाटेवर ऑस्ट्रेलियन आणि जपानी फौजा लढत होत्या. घनदाट जंगल, पाऊस, कमालीचा दमटपणा. तिथे दुर्बिणी आतून बुरशीने आंधळ्या व्हायला लागल्या. समोरच्या झाडीत शत्रू आहे की नुसती सावली, हेच दिसेना म्हटल्यावर प्रश्न जिवाचाच!

हे काम मेलबर्न विद्यापीठातल्या वनस्पतिशास्त्राच्या लोकांकडे आलं. प्राध्यापक जॉन टर्नर आणि बुरशीतज्ज्ञ एथेल मॅक्लेनन त्यात होते. काच हे बुरशीचं अन्न नाहीच. धूळ, वंगण, बोटांचे ठसे एवढ्यावर तिचं भागतं. पण तिच्यातून निघणारी आम्लं काच आणि वरचं कोटिंग कोरतात. शिवाय पुसली तरी दमट हवेत ती परत येते. आपल्या भाषेत सांगायचं तर बग फिक्स झाला, रूट कॉज तसाच :)

म्हणून त्यांनी बुरशीनाशकच उपकरणाच्या आत ठेवलं. मर्थिओलेट नावाचं पाऱ्याचं संयुग. १९४६ मध्ये 'नेचर'मध्ये हे काम छापून आलं. (पारा विषारी आहे, घरी हा प्रयोग नको!)

आपल्यासाठी ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड पुरे. लेन्स उघडताना प्रत्येक भिंगाची बाजू आणि क्रम लिहून ठेवा. कापसाने हलक्या हाताने पुसा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोल. एकमेकांना चिकटवलेली भिंगं द्रवात बुडवू नका. एवढं करूनही पुसट नक्षी राहिली, तर ती बुरशी नव्हे, कोरलेली काच. ती घरी दुरुस्त होत नाही.

त्यामुळे खरा उपाय आधीचाच. हवाबंद डबा, सिलिका जेल आणि अधूनमधून कॅमेरा बाहेर काढून फोटो काढणं. चामड्याच्या केसमध्ये मात्र ठेवू नका, ती ओल धरते.

असो. पुढचा पाऊस यायच्या आत कपाट उघडून बघा.