समुद्रावरचा भुसा

मार्च-एप्रिलमध्ये वारा पडला की वेंगुर्ल्यापासून खाली गोव्यापर्यंत समुद्रावर कधीकधी पिवळट-तपकिरी पट्टे दिसतात. कुणी सुतारशाळेतला भुसा आणून ओतावा तसे. १७७० साली ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यालगत कॅप्टन कुकच्या खलाशांनीही त्याला समुद्राचा भुसाच म्हटलं. १८३२ मध्ये ब्राझीलजवळच्या अब्रोल्होस बेटांपाशी डार्विनला ते गवताचे तुकडे वाटले. एरेनबर्ग या जर्मन निसर्गशास्त्रज्ञाने मात्र १८२३ मध्येच तांबड्या समुद्रावरच्या सिनाईच्या तूर बंदरात, लाल झालेल्या पाण्यात, हा जीव ओळखला होता. १८३० मध्ये त्याने नाव दिलं: ट्रायकोडेस्मियम.

मी बरणीभर पाणी घरी आणून पाहिलं आहे. त्यातल्या भुशासारख्या काड्या तळाशी बसत नाहीत, वर येतात. पेशींमध्ये वायूच्या पिशव्या असतात. भिंगातून पाहिलं तर एकेक काडी म्हणजे तंतूंची जुडी. जीव मरू लागले की पाण्यात गुलाबी रंग उतरतो आणि वास सुटतो.

गोव्यातल्या दोनापावलच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतल्या देवस्सी, भट्टतिरी आणि कासीम यांनी १९७८ मध्ये गोव्यालगतच्या या बहराचा अभ्यास छापला. माझ्या मते आपल्या किनाऱ्याच्या इतिहासात त्या कामाला मानाचं पान हवं.

हा जीव वनस्पती नाही. सायनोबॅक्टेरिया, म्हणजे प्रकाशावर जगणारा जिवाणू. हवेतला नायट्रोजनही तो स्वतः बांधतो, आणि त्या यंत्रणेला लोह फार लागतं. प्रकाशसंश्लेषणालाही लागतंच. पण खुल्या समुद्रात विरघळलेलं लोह जवळजवळ नसतंच. जे येतं त्यातलं बरंचसं वाळवंटी धुळीतून. बरं, जास्त झालं तरी पंचाईत, कारण सुटं लोह ऑक्सिजनबरोबर पेशीचीच नासधूस करतं. म्हणून सायनोबॅक्टेरियांमध्ये फर नावाचं प्रथिन पहाऱ्यावर असतं. लोह पुरेसं असलं की ते लोहासकट डीएनएवर ठाण मांडून लोह ओढून घेणारी जनुकं बंद ठेवतं. लोह घटलं की जागा सोडतं, आणि ती जनुकं चालू होतात.

ट्रायकोडेस्मियमची गंमत याच्याही पुढची. २०११ मध्ये इस्रायली संशोधकांनी तांबड्या समुद्राच्याच अकाबा आखातातल्या, म्हणजे एरेनबर्गच्या तूरहून सिनाईच्या पलीकडच्या अंगाला असलेल्या पाण्यातल्या जुड्यांवर धूळ टाकली. तंतूंनी कण पकडून जुडीच्या मध्यभागी सरकवले आणि त्यातलं लोह विरघळवायला घेतलं. पुढे असंही दिसलं की लोह असलेले आणि नसलेले कण समोर आले तर जुड्या लोहाचे कण निवडून ठेवतात. अडीचशे वर्षं ज्याला आपण भुसा म्हणत आलो, त्याची ही निवड!

आपण माणसांनी मात्र लोह टनांनी ओतलं. २००९ मध्ये गोव्याच्याच संस्थेने जर्मनांसोबत दक्षिण महासागरात ‘लोहाफेक्स’ प्रयोग केला. लोहाने प्लवक, म्हणजे तरंगणारे सूक्ष्म जीव, वाढावेत आणि त्यांनी हवेतला कार्बन खोल न्यावा, ही कल्पना. प्लवक वाढलं, पण छोट्या प्राण्यांनी ते फस्त केलं आणि कार्बन फारसा खोल गेला नाही.

हे पट्टे सगळ्यात आधी दिसतात ते मच्छीमारांना, आणि त्यांच्या नजरेची नोंद क्वचितच होते. तेव्हा येत्या उन्हाळ्यात असा पट्टा दिसला तर तारीख, जागा आणि पाण्याचा रंग लिहून ठेवा, फोटो काढा, आणि दोनापावलला कळवा.