मितीची तारीख करताना

जुन्या दप्तरांचे वाचन करू पाहणाऱ्यास मोडी लिपी अवगत झाली, तरी त्याचे निम्मेच काम होते. कागदावरील मितीचा निर्णय लागेपर्यंत तो कागद इतिहासाचे साधन म्हणून उभा राहत नाही.

पेशवाईतील पत्रांवर शुहूर सन असतो, तोही अरबी संख्याशब्दांत आणि एककापासून. ‘इहिदे सितैन मया व अलफ’ म्हणजे एक, साठ, शंभर व हजार. अर्थात सन ११६१. हे वर्ष मृगारंभी पालटते. म्हणून मृगापासून डिसेंबरअखेर त्यात ५९९ आणि जानेवारीपासून पुढील मृगापर्यंत ६०० मिळवावे लागतात. पानिपतचा संग्राम याच सनातला: पौष शुद्ध अष्टमी, शके १६८२, १४ जानेवारी १७६१. शकात सरसकट ७८ मिळविणारा अभ्यासक ही लढाई वर्षभर आधीच घडवून आणील. कारण या मितीस इसवी सन पालटलेला होता आणि तेथे ७९ मिळवावे लागतात.

नर्मदेच्या उत्तरेस आणखी एक पेच आहे. तेथे मास पौर्णिमान्त. त्यामुळे दक्षिणेतील फाल्गुन वद्य पक्ष तिकडे चैत्र कृष्ण ठरतो. माळव्यातील पत्राची मिती कोणत्या रीतीची, हे न पाहता लावली तर महिन्याचा फरक पडतो.

इंग्रजी तारखाही एकजिनसी नाहीत. पोर्तुगिजांनी १५८२ साली नवी गणना स्वीकारली. इंग्रजांनी १७५२ साली. शिवकाळात या दोहोंत दहा दिवसांचे अंतर होते. शिवाय इंग्रजांचे वर्ष तेव्हा २५ मार्चला सुरू होई. म्हणून जानेवारी १६६४ मधील सुरतेची पहिली लूट त्यांच्या कागदांत १६६३ ची दिसते.

शंकर बाळकृष्ण दीक्षित व सेवेल यांचा १८९६ चा ग्रंथ आणि स्वामीकन्नू पिल्ले यांची कोष्टके यांनी हे काम पुष्कळ सुकर केले. आता संगणक हाताशी आहे. परंतु जावास्क्रिप्ट या संगणकीय भाषेत ६ जून १६७४ चा वार काढला, तर बुधवार येतो. राज्याभिषेकाची ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी, शके १५९६, मात्र शनिवारची. यंत्राचा हिशेब चुकलेला नसतो. ते नवी गणनाच मागे लांबविते. त्याला १६ जून दिल्यास शनिवारच मिळतो.

जुन्या ग्रंथालयांतील कागदांच्या याद्या आज संगणकावर चढत आहेत. अशा वेळी मूळ मिती जशीच्या तशी उतरावी, तारीख शेजारी द्यावी आणि वाराने ताळा पाहावा. तारीख चुकली तरी पुढचा अभ्यासक ती सुधारू शकेल. मूळ मितीच गळाली, तर त्याच्या हाती काहीच उरणार नाही.