वळकटी पसरा, बोट सुटतेय

सरका, डोक्यावरून ट्रंक येतेय! हमाल थांबणार नाही, बाजूला व्हायचं ते तुम्हीच. १९६०च्या दशकातला मे महिना आहे, तुम्ही भाऊच्या धक्क्यावर उभे आहात आणि पणजीची बोट सुटायच्या बेतात आहे. ओले दोरखंड, डिझेल, सुकी मासळी आणि शेजाऱ्याचा घाम, सगळे वास एकदमच नाकात शिरतात. फळीवरून आत गेलात की आधी जागा धरा. खालच्या डेकवर जागा म्हणजे वळकटी पसराल तेवढी. शेजारच्या कुटुंबाने तीन माणसांसाठी आठ जणांची चटई अंथरलीय. भांडू नका, रात्री त्यांच्याच डब्यातलं थालीपीठ तुमच्या वाट्याला येणार आहे.

भोंगा छातीत घुमतो. मुंबई दिसेनाशी होईपर्यंत सगळी मजा. मग डेक वर-खाली होऊ लागतो, पत्रा तापतो, इंजिनाची धडधड थेट मणक्यात पोचते. समोरच्या गृहस्थांना बोट लागली. आता तुमची पाळी. ‘‘लिंबू हुंग रे झिला,’’ कोपऱ्यातली आजी म्हणते.

नेमका तेव्हाच डावीकडून जंजिरा सरकत जातो. तुम्ही एक डोळा उघडता आणि मिटता. या बोटीवर प्रेक्षणीय स्थळं पाहायला फारसं कुणी आलेलं नाही, बहुतेकजण गावी निघालेत. सुवर्णदुर्ग दिसला म्हणजे हर्णै आलं, पोरांच्या पायात चपला घाला, एवढाच त्याचा अर्थ. (मला विचाराल तर किल्ला बघायची हीच खरी रीत.)

अंधार पडला की वारा सुटतो आणि माणसं पुन्हा माणसांत येतात. पत्त्यांचा डाव, टाळांवर भजन, कपातून हिंदकळणारा चहा. रत्नदुर्गावरचा दिवा दिसला की झोपलेले रत्नागिरीकर धडपडून उठतात. कठड्यावरून खाली वाकून बघा, बोटीने कापलेल्या पाण्यात निळसर ठिणग्या उडतायत.

पहाटे मालवण. खडकांमुळे बोट बाहेरच थांबते, पुढे पडाव. लाटेने पडाव वर आला की पाय टाकायचा, उशीर केलात तर खलाशी दंडाला धरून टाकतोच. समोर सिंधुदुर्गाचा तट उजळू लागलाय. तुम्ही मात्र सामान मोजताय, आणि पडाववाला ओरडतोय, ‘‘ट्रंकेचे पैशे कोण देतलो?’’