अँबेसिडरचा क्लच आणि रबराचा एक वायसर

१/ १६ ऑगस्ट १९८२ रोजी लातूर जिल्हा उस्मानाबादेतून वेगळा झाला. त्या काळी नांदेड-लातूरकडे सरकारी मोटार म्हणजे जीप, नाहीतर अँबेसिडर. मॉरिस ऑक्सफर्डच्या साच्यावर उत्तरपाड्यात घडलेली ही गाडी २०१४ पर्यंत निघत राहिली.

२/ तिचा क्लच तारेने नव्हे, तेलाच्या दाबाने चाले. पेडलकडचा मास्टर सिलिंडर दाब देई, गिअरबॉक्सजवळचा स्लेव्ह सिलिंडर तो झेली; सतराव्या शतकातला पास्कलचा नियम तो हाच. पण ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषते. मग सिलिंडर आतून गंजतो, रबरी वायसर झिजतो, तेल झिरपते आणि हवा शिरते.

३/ खरी परीक्षा निदानाची. पेडल भुसभुशीत लागून गिअर खरखरला, तर दोष बहुधा तेलाच्या वाटेत. इंजिन गरगरते, गाडी मात्र ओढत नाही, तर क्लचप्लेट झिजलेली. पहिल्या दुखण्यात किट बदलून हवा काढली की भागे: एकाने पेडल दाबायचे, दुसऱ्याने निपल सैल करायचे. दुसऱ्यात मात्र गिअरबॉक्सच उतरवावा लागे. वायसरच्या दोषापायी गिअरबॉक्स उतरवणाऱ्या मिस्त्रीकडे कोण पुन्हा जाणार?

४/ आयातीवर निर्बंध, नव्या गाडीसाठी वर्षानुवर्षांची प्रतीक्षा. त्यामुळे जुनी गाडी जपण्यावाचून गत्यंतर नव्हते. त्यात घाईने कुणी ब्रेक ऑइलच्या जागी इंजिन ऑइल ओतले, की रबर फुगून नवे किटही वाया जाई.